झुरका सुरळीत कसा होईल? तंबाखू तापवणाऱ्या उपकरणातील हवेच्या मार्गाविषयी

तंबाखू न जाळता केवळ तापवणाऱ्या एका उपकरणाच्या नमुन्यावर काम करणाऱ्या अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिले दोन-तीन झुरके जड लागतात, पुढचे हळूहळू हलके होत जातात, जोरात ओढले की हवा मध्येच अडल्यासारखी वाटते आणि अधूनमधून बारीक शिट्टी ऐकू येते. हवा आत घेणारे छिद्र १ मिलिमीटरचे १.२ मिलिमीटर केल्यावर ओढणे सोपे झाले, पण वाफ विरळ लागू लागली आणि झुरका ओळखणारा दाबाचा सेन्सर कधीकधी दादच देत नाही. तेव्हा हवा सुरळीत येण्यासाठी हे छिद्र नेमके किती मोठे ठेवावे?

या एका प्रश्नात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. हवेच्या मार्गाचा एकूण रोध, म्हणजे ओढताना हवेला होणारा अडथळा, किती आहे, हा पहिला भाग. ओढण्याचा जोर वाढला की तो रोध कोणत्या रीतीने वाढतो, हा दुसरा. आणि पहिल्या झुरक्यापासून शेवटच्या झुरक्यापर्यंत तो किती बदलतो, हा तिसरा. छिद्र मोठे केल्याने यांपैकी फक्त पहिला भाग बदलतो. उरलेले दोन जिथल्या तिथे राहतात आणि शिवाय सेन्सरला मिळणारा संकेतही दुबळा होतो. वापरणाऱ्याला जे ‘सुरळीत’ वाटते ते केवळ रोध कमी असल्यामुळे वाटत नाही, हे मला या क्षेत्रात काम करताना सातत्याने दिसत आले आहे. रोध पुरेसा असूनही तो ओढण्याच्या जोराच्या प्रमाणात वाढत असेल आणि झुरक्यागणिक तसाच राहत असेल, तर कोणी तक्रार करत नाही.

रोधाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे जुने उदाहरण १९८८ मध्ये आलेल्या प्रीमियरचे आहे. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या या उत्पादनात टोकाशी असलेला कोळसा पेटवून त्याच्या उष्णतेने वाफ तयार केली जात असे. चव आणि वास यांच्याबरोबरच ते ओढायला फार जोर लागतो, ही त्याविषयीची ठळक तक्रार होती, आणि १९८९ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. रसायनशास्त्रावर एवढी मेहनत घेतलेले उत्पादन हवेच्या मार्गापाशीही अडखळले, ही बाब आजच्या रचनाकारानेही विसरू नये.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, म्हणून एकच आकडा मी देणार नाही. हीटर पात्यासारखा तंबाखूच्या मधोमध घुसतो, की नळीसारखा बाहेरून वेढतो, की स्टिकमधल्या (तंबाखू भरलेल्या, वापरून टाकून द्यायच्या कांडीतल्या) धातूच्या पट्टीला बाहेरच्या कॉइलने प्रवर्तनाने तापवले जाते, यावर हवा कुठून शिरते आणि कुठे अडते हे ठरते. स्टिकची रचना तुमच्या हातात आहे, की ती दुसऱ्या कोणाकडून जशी येईल तशी स्वीकारावी लागते, हे त्याहून महत्त्वाचे. स्टिक तुमची नसेल तर तिच्यातला फरक होल्डरच्या, म्हणजे स्टिक ज्यात बसते त्या उपकरणाच्या, रचनेने झाकावा लागेल. आणि झुरका ओळखण्यासाठी दाबाचा सेन्सर अनिवार्य आहे का, हेही पाहावे. हवा आत आली की हीटर थंडावतो आणि तापमान टिकवण्यासाठी त्याला लागणारी वीज वाढते, या वाढीवरूनही झुरका ओळखता येतो.

आता मोजमापाकडे येतो, कारण मोजल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. सिगारेट आणि फिल्टर यांचा रोध मोजण्याची आयएसओ ६५६५ ही प्रमाण पद्धत सेकंदाला १७.५ मिलिलिटर इतका स्थिर प्रवाह धरते आणि त्या प्रवाहाला दाब किती घटतो ते पास्कलमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये सांगते. १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ९.८ पास्कल. तुलनेसाठी हे माप उत्तम आहे, पण त्यावरच थांबणे धोक्याचे आहे. तापवलेल्या तंबाखूच्या चाचण्यांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या तीव्र पद्धतीत दर झुरका ५५ मिलिलिटरचा, २ सेकंदांचा आणि दोन झुरक्यांमधील अंतर ३० सेकंदांचे असते. म्हणजे सरासरी प्रवाहच सेकंदाला २७.५ मिलिलिटर झाला. झुरक्याचा आलेख घंटेच्या आकाराचा असल्यामुळे मध्यावरचा प्रवाह सरासरीच्या साधारण दीडपट, म्हणजे सेकंदाला ४३ मिलिलिटरच्या आसपास जातो. तुमच्या उपकरणाचा रोध १७.५ ला चांगला दिसत असेल आणि ४३ ला काय होते हे तुम्ही पाहिलेच नसेल, तर ‘जोरात ओढले की अडते’ ही तक्रार कागदावर कधीच दिसणार नाही.

तुमच्याच छिद्राचा हिशेब करून पाहू. धारदार कडेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून सेकंदाला १७.५ मिलिलिटर हवा खेचली तर तिचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास होतो आणि छिद्राचा गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह आदर्श प्रवाहाच्या किती पट असतो तो आकडा) ०.६५ धरल्यास दाब सुमारे ७०० पास्कलने, म्हणजे पाण्याच्या ७२ मिलिमीटरने घटतो. हा आकडा काही फार नाही. परंतु अशा छिद्रात दाबातील घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. झुरक्याच्या मध्यावर प्रवाह अडीचपट झाला की घट सहापट होते आणि ४,३०० पास्कलच्या घरात पोहोचते. ओढणाऱ्याला सुरुवात हलकी लागते आणि ऐन मध्यावर कोणीतरी नळी चिमटीत धरल्यासारखे वाटते. सिगारेटमधला कापलेला तंबाखू आणि फिल्टरमधले बारीक तंतू यांच्यातून हवा इतक्या अरुंद वाटांनी आणि इतक्या कमी वेगाने जाते की तिथला प्रवाह स्तरीय, म्हणजे न घुसळता थराथरांनी सरकणारा, राहतो आणि रोध जवळजवळ प्रवाहाच्या समप्रमाणात वाढतो. ओढणाऱ्याला वर्षानुवर्षे सवय असते ती याच वागणुकीची. म्हणून १.२ मिलिमीटर करून दाब निम्म्यावर आणला तरी अडल्याची भावना पूर्ण गेली नसणार. वर्गाच्या प्रमाणाचा नियम तसाच आहे, फक्त तो थोड्या खालच्या पातळीवरून सुरू होतो.

यावर उपाय म्हणजे रोध छिद्राच्या कडेवर न टाकता लांबीवर टाकणे. हवेला एका छिद्रातून उडी मारायला लावण्याऐवजी अरुंद, लांबट फटीतून हळू जाऊ द्यावे. समजा, दोन गोल धातूच्या भागांमध्ये ०.२ मिलिमीटर उंचीची फट ठेवली, तिचा घेर २२ मिलिमीटर आणि हवेच्या दिशेने लांबी १० मिलिमीटर. १७.५ च्या प्रवाहाला घर्षणामुळे होणारी घट सुमारे २१५ पास्कल येते आणि आत शिरताना व बाहेर पडताना होणारी, वर्गाच्या नियमाने वाढणारी घट २० पास्कलच्या आसपास राहते. प्रवाह अडीचपट झाला तर एकूण घट साडेसहाशे पास्कलच्या जवळ जाते, म्हणजे पावणेतीनपट. छिद्रात ती सहापट झाली होती. ही फट तुम्हाला कमी रोधाची वाटत असेल तर ती लांब करा किंवा उंची थोडी कमी करा, पण आलेखाचा आकार बिघडवू नका.

मात्र या फटीचे नखरेही सांभाळावे लागतात. रोध उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे ०.२ च्या जागी ०.१८ मिलिमीटर झाले तर रोध तब्बल एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ही की आतला भाग बाहेरच्या भागात एका बाजूला पूर्ण टेकला, तर उंचीची सरासरी तीच राहूनही प्रवाह अडीचपटीपर्यंत वाढू शकतो, कारण रुंद झालेली बाजू बहुतेक हवा वाहून नेते. म्हणून आतला भाग मधोमध धरून ठेवणाऱ्या तीन किंवा चार बारीक, हवेच्या दिशेने जाणाऱ्या बरगड्या मोल्डिंगमध्येच द्याव्यात आणि फटीची उंची त्या बरगड्यांनीच ठरावी, दोन भागांच्या सैल बसण्यावर ती सोडू नये. अशी फट जमण्यासारखी नसेल तर समांतर बारीक नळ्या किंवा दाबून भाजलेल्या धातूच्या चुऱ्याची सच्छिद्र चकती हे पर्याय आहेत. चकतीचा रोध फार छान समप्रमाणात चालतो, पण ती घाण धरते आणि वापरणाऱ्याला साफ करता येत नाही. म्हणून ती तंबाखूच्या मागे, जिथे वाफ कधी पोहोचत नाही अशा थंड जागीच ठेवावी.

छिद्रच ठेवायचे ठरवले तर त्याच्या कडेकडे भिंगाखाली पाहा. आत शिरण्याची कड धारदार असते तेव्हा गुणांक ०.६ ते ०.६५ असतो, तीच कड नीट गोलावली तर तो ०.९५ च्या आसपास जातो आणि व्यास तोच असूनही दाबातील घट निम्म्याहून खाली येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की एका नमुन्यात ड्रिलिंगनंतर बर (कडेला उरलेली धातूची बारीक कूस) राहिली, दुसऱ्यात ती घासून काढताना कड थोडी गोल झाली, तर दोन्ही नमुन्यांचा व्यास मोजून सारखाच येईल आणि ओढणे मात्र वेगळे लागेल. व्यासाचे म्हणाल तर १ मिलिमीटरच्या छिद्रात ०.०५ मिलिमीटरची कमीजास्ती रोध सुमारे २० टक्क्यांनी हलवते. भागाच्या आराखड्यावर केवळ व्यास आणि त्याची मर्यादा लिहून भागत नाही. कड कशी हवी हे लिहावे आणि भाग स्वीकारताना व्यासाऐवजी थेट प्रवाह मोजून स्वीकारावा.

तिसरा भाग म्हणजे पहिले झुरके जड आणि नंतरचे हलके. इथे उष्णता आणि तंबाखू या दोघांचा हात असतो. २२ अंशांची हवा ३०० अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते आणि तिची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) सुमारे १.६ पट होते. तेवढेच वस्तुमान त्याच अरुंद वाटांतून न्यायचे तर स्तरीय प्रवाहात दाबातील घट तिपटीहून थोडी जास्त होते. म्हणजे थंड स्टिकवर मोजलेला रोध आणि चालू उपकरणातला रोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात पहिल्या झुरक्यांना तंबाखूतले पाणी बाहेर पडत असते. ते किती जागा व्यापते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १० मिलिग्रॅम पाण्याची ३०० अंशांना सुमारे २६ मिलिलिटर वाफ होते, आणि आपला झुरका आहे ५५ मिलिलिटरचा. ही वाफ त्याच वाटांतून बाहेर पडू पाहते, त्यामुळे सुरुवातीला हवेची वाट अडलेली राहते. पुढे पाणी सरते, वाफेसाठी तंबाखूत मिसळलेले ग्लिसरॉल कमी होते, तंबाखूचा तुकडा आक्रसतो आणि त्याच्या कडेने फट पडते. मग हवा तंबाखूतून जाण्याऐवजी कडेने जाते. ओढणे हलके होते आणि वाफही पातळ होते. तुम्हाला ‘हलके झाले’ म्हणून जे बरे वाटले, ते पुष्कळदा हवा तंबाखूला टाळून जात असल्याचे लक्षण असते.

पात्याचा हीटर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पाते घुसताना तंबाखूला बाजूला दाबते आणि सुरुवातीचा रोध वाढवते. तंबाखूचा पत्रा चुण्या पाडून लांबीच्या दिशेने बसवलेला असेल तर हवेला सरळ वाटा मिळतात आणि पात्याने काही वाटा मिटल्या तरी बाकीच्या उघड्या राहतात. भुसा किंवा आडवे कापलेले तंतू भरले असतील तर पाते शिरताच ते एकमेकांवर रेटले जातात आणि प्रत्येक स्टिकमध्ये वेगळ्या तऱ्हेने रेटले जातात. स्टिक तुमच्या हातात असेल तर मी पहिला पैसा इथे खर्च करीन.

मग एकूण रोध कुठे ठेवावा? माझा कल असा आहे की त्याचा मोठा हिस्सा थंड प्रवेशमार्गात ठेवावा, कारण तो भाग धातूचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा असतो, तापमानाने फारसा बदलत नाही आणि तंबाखू ओला आहे की कोरडा याची त्याला पर्वा नसते. उष्ण भागातला रोध तिप्पट झाला तरी तो एकूण रोधाचा लहानसा हिस्सा असेल तर ओढणाऱ्याला फरक कळत नाही. सेन्सरलाही या रचनेत ठसठशीत संकेत मिळतो, कारण प्रवेशमार्गातल्या रोधानंतरची पोकळी बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाला जाते.

याची किंमत गळतीच्या रूपात मोजावी लागते. पोकळीतला दाब जितका खाली जाईल तितकी बाहेरची हवा सीलजवळून, स्टिक आणि होल्डर यांच्या मधल्या फटीतून, सेन्सरच्या भोकाशेजारून आत शिरू पाहते. ती हवा तुमचा मोजून बनवलेला प्रवेशमार्ग टाळते, आणि तंबाखूच्या पुढे, म्हणजे तोंडाच्या बाजूला, शिरली तर वाफ पातळही करते. स्टिकच्या कागदाचा घेर नेमका नसेल तर ही गळती दर स्टिकला वेगळी असते. म्हणून सील मऊ ओठाचे, स्टिकच्या व्यासातली कमीजास्ती पोटात घेणारे आणि तापलेल्या भागापासून दूर हवे. असे सील बसवायला जागाच नसेल, तर माझा वरचा सल्ला उलटा करावा लागेल आणि रोध स्टिकच्या फिल्टरमध्ये ठेवून प्रवेशमार्ग मोकळा ठेवावा लागेल. गळका सील आणि अरुंद प्रवेशमार्ग ही जोडी मात्र कधीच ठेवू नये.

तुमच्या वाफ विरळ होण्याचे कारण शोधताना हे पाहा की तो अनुभव तोंडाने ओढून आला की यंत्रावर. यंत्र दर झुरक्याला तेच ५५ मिलिलिटर घेते. छिद्र तंबाखूच्या मागे असेल तर ते मोठे केल्याने यंत्रावरची वाफ फारशी बदलू नये. बदलली असेल तर ते छिद्र हवा तंबाखूच्या पुढे आणून सोडते आहे किंवा कुठेतरी सील सुटले आहे. तोंडाने ओढताना मात्र रोध कमी झाला की माणूस नकळत जोरात आणि जास्त ओढतो, तंबाखू थंडावतो आणि तेवढीच वाफ जास्त हवेत पसरते. या थंडावण्याचा अंदाज हिशेबाने येतो: सेकंदाला २७.५ मिलिलिटर हवा ३०० अंशांनी तापवायला सुमारे १० वॅट लागतात, आणि पाणी व ग्लिसरॉल यांचे बाष्पीभवन याहून वेगळे. हीटरचा नियंत्रक इतकी वीज झुरक्याच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात वाढवू शकत नसेल, तर हवेचा मार्ग कितीही सुबक असला तरी झुरक्याचा उत्तरार्ध फिका लागेल. आत येणारी हवा हीटरच्या कप्प्याला वळसा घालून आणली तर ती थोडी आधीच तापते आणि बाहेरचे कवचही थंड राहते. या दुहेरी फायद्यासाठी मी तो वळसा शक्यतो देतोच, फक्त त्यात अरुंद कोपरे ठेवत नाही.

साचणाऱ्या ओलाव्याविषयी थोडे. वाफ थंड भिंतीवर थबकते, पाणी आणि ग्लिसरॉल यांचा चिकट थर धरतो, त्यात तंबाखूचे कण अडकतात आणि काही दिवसांत फटीची उंची बदलते. वाफेच्या वाटेवर बारीक फटी ठेवू नयेत, हा साधा नियम इथे फार कामाला येतो. सेन्सरचे भोक मुख्य वाटेवर सरळ न उघडता आडबाजूला, वरच्या अंगाला काढावे आणि त्यावर पाणी न धरणारे पातळ पटल लावावे. तुमचा सेन्सर अधूनमधून दाद देत नाही यामागे कमी दाबाइतकाच हा थरही असू शकतो. स्टिकमध्ये वाफ थंड करण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाची चुण्यांची फिल्म असेल तर ध्यानात घ्यावे की ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. लागोपाठ जोराचे झुरके घेतले तर तिचा तंबाखूकडचा भाग आक्रसतो आणि तिथल्या वाटा बदलतात. रोधातला फरक शेवटच्या झुरक्यांना अचानक दिसत असेल तर वापरलेली स्टिक उभी चिरून तो भाग पाहावा.

शिट्टीचे कारण बहुतेक वेळा वेगवान हवा धारदार कडेवर आदळणे आणि लगतच्या पोकळीने तो स्वर उचलून धरणे हेच असते. छिद्रातला वेग कमी केला की ती आपोआप जाते. फटीची रचना स्वीकारली तर या तक्रारीसाठी वेगळे काही करावे लागू नये, कारण तिथे हवेचा वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास उतरतो.

एक गोष्ट मी प्रत्येक रचनाकाराला आग्रहाने सांगतो. हवा सुरळीत आली म्हणून वाफेतले निकोटीन कमी होत नाही आणि तंबाखू निरुपद्रवी होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये आयकॉस या तंबाखू तापवणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत हानिकारक रसायनांशी येणारा संपर्क कमी होतो एवढेच सांगण्याची परवानगी दिली. आजाराचा धोका कमी होतो असे म्हणण्यास मान्यता दिली नाही. ओढणे जितके सोपे तितका माणूस जास्त ओढतो, हे आपण वर पाहिलेच. म्हणून रोध शक्य तितका कमी करणे हे माझ्या दृष्टीने रचनेचे उद्दिष्टच असू नये. ओढणाऱ्याने थोडे जास्त-कमी ओढले तरी त्याच्या शरीरात जाणारी मात्रा भरकटू नये, हे असावे. सुरळीतपणा आणि सौम्यता हे शब्द उत्पादनाच्या माहितीत एकमेकांच्या जागी वापरले जात असतील तर अभियंत्याने तिथे हरकत घ्यावी. चाचण्यांसाठी तंबाखू न वापरणाऱ्या सहकाऱ्याला कधीही ओढायला सांगू नये. पिस्टनचे यंत्र, प्रवाहमापक आणि मॅनोमीटर (दाबमापक) यांनी जे कळते ते कोणाच्याही फुफ्फुसापेक्षा अधिक नेमके कळते.

आता तुमच्या टेबलावर काम कोणत्या क्रमाने करावे ते सांगतो. आधी छिद्राला हात लावू नका. २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता यांत स्टिक ठेवून स्थिर करा, नाहीतर आजचे आणि उद्याचे आकडे जुळणार नाहीत. मग सेकंदाला ५, १०, १७.५, ३० आणि ४३ मिलिलिटर या पाच प्रवाहांना दाबातील घट मोजा: आधी रिकाम्या होल्डरची, मग एकट्या स्टिकची, मग स्टिक बसवलेल्या थंड होल्डरची आणि शेवटी तापलेल्या होल्डरची. प्रत्येक मापाला प्रवाहाशी समप्रमाणात वाढणारे एक पद आणि वर्गाच्या प्रमाणात वाढणारे दुसरे पद अशी बेरीज बसवा. वर्गाचे पद मोठे असेल तर दोष कडांमध्ये आणि छिद्रांत आहे. समप्रमाणाचे पद थंड आणि गरम मापांत फार बदलत असेल तर रोध उष्ण भागात गोळा झाला आहे. रिकामा होल्डर आणि एकटी स्टिक यांच्या घटींची बेरीज एकत्र मापापेक्षा जास्त येत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती पकडण्यासाठी प्रवेशमार्ग चिकटपट्टीने पूर्ण बंद करून ओढा. त्या स्थितीत जो काही प्रवाह मिळेल तो सगळा गळतीचा.

गरम माप झुरक्याच्या क्रमांकाप्रमाणे वेगळे नोंदवा. पहिला, तिसरा, सहावा आणि शेवटचा झुरका यांचे आलेख एकावर एक ठेवले की पाण्याच्या वाफेचा परिणाम सुरुवातीला आणि आक्रसण्याचा परिणाम नंतर, असे दोन्ही डोळ्यांना दिसतात. एकाच स्टिकवर विसंबू नका. एकाच पेटीतल्या पाच-सहा तरी घ्या, कारण स्टिकमधला फरक कधीकधी तुमच्या रचनेतल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

छिद्राच्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, १.२ च्या पुढे जाऊ नका आणि १ वरही परत येऊ नका. त्या जागी वर सांगितलेल्या मापाच्या जवळपासची फट असलेला छोटा बदलता भाग बनवा, तीन वेगळ्या उंचींचे तीन नग करा आणि हेच पाच प्रवाह पुन्हा मोजा. सेन्सरची सीमा, म्हणजे दाब किती घटला की झुरका मानायचा ते, त्यानंतर ठरवा. तोपर्यंत ती बदलत राहिलात तर कोणता फरक हवेमुळे पडला आणि कोणता सेन्सरमुळे, हे वेगळे करता येणार नाही. थंड आणि गरम मापांचा तक्ता आणि स्टिक कशी बसते याचे उभ्या छेदाचे रेखाटन दिलेत, तर फट, सील आणि फिल्टर यांच्यात रोध कसा वाटावा याचा हिशेब तुमच्या आकड्यांवर मांडून दाखवता येईल.